कातळावरची आमरी

शेवाळावरून पंकजाचा पाय सटकला आणि कुणीतरी तिचा हात घट्ट धरला.

"जपून मॅडम! लय निसरडं हाय इथं."

हा शिवप्रसाद. बोरीत त्याचं मोबाइलचं दुकान; जिंतूरच्या डोंगरात व्हिडिओ काढायला आलेला. परभणीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी पंकजा आभार मानायचंही विसरली. तिची नजर समोरच्या कातळावर खिळली होती. तिथं एक चिमुकली आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, फुलली होती... पांढरीशुभ्र, खालच्या ओठासारख्या पाकळीशी किंचित लाल.

"माती तर न्हाईच. मग जगायली कशी?"

"मुळांनी दगड धरून बसलीये. पाऊस पिते, दव पिते. हे हिरवे मणी दिसतात ना, त्यांत पाणी साठवते. उन्हाळ्यात पानं झडतात, मणी तेवढे राहतात."

"आन् बी?"

"धुळीसारखं. त्यात अन्नच नसतं. ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं, नाहीतर नाही."

"म्हंजे जोडीदार पायजेच की!"

पंकजानं मान वळवली. हसू मात्र लपलं नाही.

मग दर रविवारी दोघं डोंगरात भेटू लागले. एका छत्रीत अर्धे-अर्धे भिजत त्यांनी कातळ धुंडाळले, पण दुसरी आमरी दिसली नाही.

"ही जागा कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"तुझी शप्पथ."

श्रावण सरता सरता तिच्या मैत्रिणीनं तिला शिवप्रसादनं टाकलेला एक व्हिडिओ दाखवला. तीच आमरी, तोच कातळ... पंकजाचं नाव, आणि तिथवर जायची वाटसुद्धा! हजारो लोकांनी तो पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं धावतच डोंगर चढले. कुणीतरी चाकूनं आमरी खरवडून नेली होती. दगडाला तुटकी मुळं तेवढी चिकटलेली.

"तुझं नाव व्हावं म्हणून केलं गं," शिवप्रसाद म्हणाला. "माझं... लय प्रेम हाय तुझ्यावर."

सबंध पावसाळा तिनं याच वाक्याची वाट पाहिली होती.

"माझंही आहे," ती म्हणाली.

"मग? दुसरी हुडकू. जलमभर हुडकू!"

"आणि सापडली, तर तुला सांगायची भीती वाटेल मला. असा संसार कसा करायचा, शिवा?"

त्यानं तिच्यासमोरच व्हिडिओ पुसून टाकला. तरी ती वळली आणि एकटीच डोंगर उतरू लागली.

परभणीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. बोरी मागं पडेपर्यंत तिनं रडू आवरून धरलं.