ओली पावलं

खाला इस्पितळात आली होती ती गुडघा दाखवायला. मोहल्ल्यातल्या बायकांच्या मयताला शेवटची आंघोळ घालून घालून तिचे गुडघे कामातून गेले होते. लोक तिला लांबूनच सलाम करत, आणि तिला त्याचं हसू येई.

बाहेरच्या बाकांवर आज ही गर्दी! शेजारच्या गवंड्याच्या बायकोचा मेंदू मेला होता, श्वास तेवढा यंत्रावर. डॉक्टरांनी अवयव मागितले होते. सही आजच हवी होती, आणि अख्खा गोतावळा सल्ले द्यायला हजर.

“अपुरं शरीर घेऊन वर काय तोंड दाखवेल ती?” थोरला दीर गरजला.

मौलाना म्हणाले, “आपल्यात दोन्ही मतं आहेत. कुणाचा जीव वाचत असेल तर माझी हरकत नाही. पण निर्णय तुझा.”

गवंडी खालाकडे वळला. “खाला, तुम्ही अवयव दिलेल्या बाईचं मयत धुतलंय... काय दिसलं?”

मयताचं वाईट दिसलं तर वाच्यता करायची नाही, चांगलं दिसलं तर सांगायला मुभा, हा धुणाऱ्याचा नेम. चार वर्षांपूर्वी दिसलं ते चांगलं की वाईट, हेच तिला कळलं नव्हतं. म्हणून ती गप्प होती. आता गवंड्याचा चेहरा बघून तिने ते चांगलंच होतं असं मनाशी ठरवून टाकलं.

“कापूर आणायला गेले होते. मयत धुवायच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. परत आले तर... आंघोळ झालेली. फरशीवर तिघांची ओली पावलं, मयताच्या ओट्याकडे गेलेली. परतीची नव्हती.”

“आणि तिचे अवयव किती जणांना दिले होते?”

“तिघांनाच दिले होते, बेटा.”

गवंडी ढसाढसा रडला. मग त्याने सही केली. रात्रीतून चौघांना जीवदान मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गवंड्याच्या बायकोचं मयत धुवायला आलं. खाला मुद्दामच कापूर विसरली. कुलूप लावून गेली आणि परतली. आतून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता... सावकाश. तो थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग दार उघडलं.

ओल्या दगडाचा वास. ओट्याकडे गेलेली चौघांची पावलं. आणि पाचवी, अरुंद, ओट्यापासून निघालेली, थेट तिच्या पायांपाशी येऊन थांबलेली.

ती बाजूला सरली.

“जा, पोरी...”

बाहेर उन्हातल्या कोरड्या पायरीवर एक ओलं पाऊल उमटलं. मग त्याच्या पुढे दुसरं.