विरजणाची सोयरीक

सन २०४८ मध्ये जैवमाहितीशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी वही-पेन न्यावं लागत नसे, घरचं विरजण न्यावं लागे. शाल्मली खोत दापोलीहून एसटीने आली ती मांडीवर दह्याची डबी सांभाळत. विरजण तिच्या आईचं होतं. आई नऊ वर्षांपूर्वी खाडीत होडी उलटून गेली, देह सापडलाच नाही, असं बाबांनी सांगितलं होतं. आईचं म्हणावं असं घरात तेवढंच जिवंत उरलं होतं आणि शाल्मलीने ते कधी मोडू दिलं नव्हतं.

"आज तुमच्या उत्साहावर विरजण घालायला मीच आलेय," म्हणत डॉ. बागवान मॅडम वर्गात शिरल्या आणि पोरं हसली. मग त्या समजावू लागल्या. दह्यातले जिवाणू सतत स्वतःच्या नकला काढतात. नक्कल करताना क्वचित डीएनएचं एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या साऱ्या पिढ्यांत उतरते. दोन घरांच्या दह्यात त्याच चुका सापडल्या, तर मूळ विरजण एकच. चुका जिथून निराळ्या झाल्या, तिथे घरं निराळी झाली. जिवाणू ओळखायचं काम जीवशास्त्राचं आणि कोट्यवधी अक्षरं जुळवायचं संगणकाचं. या दोघांचं लग्न लावणाऱ्या प्रणालीला मॅडमनी 'सोयरीक' हे नाव दिलं होतं.

मुलांनी जनुकपट्ट्या, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या बोटभर पट्ट्या, दह्यात बुडवल्या. समोरच्या भिंतीवर वंशवृक्षाला भराभर फांद्या फुटल्या. नागपूरच्या दह्याची मावशी साताऱ्यात निघाली. दोघांनी एकाच डेअरीचं दही घरचं म्हणून आणलेलं उघडं पडलं आणि वर्गात एकच गलका झाला. हा विषय आपल्यासाठीच जन्माला आलाय, असं शाल्मलीला वाटलं.

तेवढ्यात तिची फांदी गडहिंग्लजच्या हर्षल माळगेच्या फांदीला जाऊन मिळाली. मॅडमनी फाटा मोठा करून दाखवला. निराळ्या चुका मोजल्या, तर दोन्ही विरजणं नऊ वर्षांपूर्वी वेगळी झाली होती. इतकं स्वच्छ उदाहरण पहिल्याच दिवशी मिळाल्यामुळे त्या हरखून गेल्या.

शाल्मलीही हरखली, पण क्षणभरच. नऊ वर्षं? बुडालेल्या माणसाबरोबर विरजण जात नाही. कुणी शेजारीण घेऊन गेली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि हर्षलजवळ जाऊन, हे विरजण तुमच्याकडे कुठून आलं, असं विचारलं.

तो मोकळेपणाने सांगू लागला. तो लहान असतानाच त्याची आई वारली. मग नवी आई आली, एक कपड्यांची पिशवी आणि ही डबी घेऊन.

"फार जीव आहे तिचा यात," तो हसत म्हणाला. "झाकण ठेवताना भांड्याला 'निजा आता' म्हणती, मगच दिवा मालवती."

काल रात्री घरून निघण्याआधी शाल्मलीही भांड्याला तेच म्हणाली होती. जगात ते फक्त आपल्याच घरी म्हणतात, अशी तिची समजूत होती.

"थांब, तिला सांगतोच, तिच्या दह्याला बहीण सापडली म्हणून," हर्षलने फोन लावला आणि शाल्मलीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. ती नको म्हणेपर्यंत पलीकडे फोन उचललाही गेला.

"बोल रे, राजा."

नऊ वर्षांनी शाल्मलीने तो आवाज ऐकला, आणि हाक तिला नव्हती.