दब्बू

नवऱ्याची बदली थांबवण्याची किंमत बायकोची मान वाकवून वसूल करणाऱ्या, छावणीतल्या मोठ्या साहेबांच्या त्या बंगल्याला कुणी कधी जाब विचारला नाही. म्हणून आरोप इथेच करायचा. तुम्ही कांचनला वाकवलंत, आणि सगळ्यांनी ते उभ्याने बघितलं!

त्या दुपारी वेल्फेअर सेंटरमध्ये, जवानांच्या बायकांनी भरलेल्या खोलीत, त्याच साहेबांच्या बाईसाहेब म्हणाल्या की चहाचा नवा सेट कांचननेच फोडला. फोडला होता त्यांच्याच भाचीने. कांचनने हात जोडले, "गलती हो गई, मेमसाब," म्हणाली आणि खाली बसून तुकडे वेचले. दारात कुबडी टेकून तिची सोळा वर्षांची दीप्ती उभी होती...

छावणीतल्या शाळेत शिकून पोरगी घरीही हिंदीच बोलायची. घरी आल्यावर म्हणाली, "आई, आप ना एकदम दब्बू हो."

साताऱ्याच्या कांचनला हिंदी यायची ती भाजीवाल्या भैयाशी हुज्जत घालण्यापुरती. हा शब्द नवा होता. तिने भाबडेपणाने अर्थ विचारला.

"जो दबके रहे. कोई कुछ भी बोले, बस हाँ जी, हाँ जी."

"मग बरोबर वापरलास," एवढंच बोलून ती कणीक मळायला बसली. काय सांगणार होती? या परमुलखात जिला आपलं म्हणावं अशी एकच पोर, आणि आज तिनेच आईला परकं केलं होतं! अंतःकरणात दाटलेला हुंदका तिने कणकेबरोबर दाबून टाकला.

संध्याकाळी तिचे यजमान, सुभेदार हणमंत, घरी आले. दीप्तीने सगळं त्यांच्यापुढे ओतलं. बूट सोडता सोडता ते हळूच म्हणाले की सीमेवरच्या बदलीचा हुकूम दोनदा आला होता. तुम्हा दोघींना गावी जावं लागलं असतं तर इथल्या लष्करी दवाखान्यातली तुझ्या पायाची ऑपरेशनं राहिली असती. दोन्ही वेळा तुझी आईच बाईसाहेबांच्या हातापाया पडली, म्हणून साहेबांनी हुकूम थांबवला. आता शेवटचं ऑपरेशन उरलंय, तोवर तिला तोंड उघडणं परवडत नाही.

कुबडी टेकत दीप्ती स्वयंपाकघरात आली आणि आईच्या पाठीवर डोकं टेकून रडली. "आई, मला माफ कर." कित्येक महिन्यांनी ती मराठीत बोलत होती.

मग ती वळली.

"बाबा, नोकरी तुमची, बदली तुमची. दर वेळी हात जोडायला आईच का गेली? तुम्ही साहेबांना एकदा तरी विचारलंत?"

हणमंत सोडलेले बूट पुन्हा पायात चढवू लागले. एरवी कांचन मध्ये पडली असती, लेकीला गप्प केलं असतं. आज तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, पोरगी विचारतेय. बोला."