पटावरचं विसावं नाव

विश्वास ठेवा, नाही तर ठेवू नका. पण हे घडलंय. आणि तेही भर दुपारी, साहेबांच्या समोर.

घाटकोपरच्या डोंगरावर एक सरकारी मराठी शाळा आहे. तिथल्या श्रुतिका बाईंची ही हकिकत. बाई भित्र्या नाहीत. पण गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार आठवला, की आजही हातातला चहा तसाच राहतो.

त्या दिवशी पटपडताळणी होती. म्हणजे साहेब येणार, मुलं मोजणार आणि मोजलेल्या प्रत्येकाच्या बोटाला शाई लावणार. एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून. पाचवीत वीस मुलं हवीत, असं वरून आलं होतं. कमी भरली, तर वर्ग बंद आणि मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत.

तो रस्ता मध्ये आला, की अर्ध्या मुली घरीच बसणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. या वर्गासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. भिंतीला दोरी बांधून त्यावर पुस्तकं लावली होती. अक्षर न वाचणारी सात पोरं वाचती केली होती.

पण मुलं भरत होती एकोणीस.

"जुन्या पटातलं एक नाव घाला ना बाई," मुख्याध्यापक भाऊराव सर आदल्या दिवशी म्हणाले. "नव्या नावाला आधार कार्ड मागतील. आजारी आहे म्हणून सांगा. एवढं चालवून घेतात."

बाईंनी तिसरीचा जुना पट उघडला.

सपना राजेश साळवे.

नावावर लाल रेघ. पुढे शेरा. सतत गैरहजर, गृहभेट दिली, कुटुंब गावी गेले.

अक्षर बाईंचंच होतं.

गृहभेट त्यांनी दिलीच नव्हती. दीडशे पायऱ्या, मार्चचं ऊन... शाळेत बसूनच शेरा लिहून टाकला होता. सगळेच लिहितात. बाईंना लाज वाटली. तरी त्यांनी नाव उतरवलं.

गुरुवारी दुपारी दोनला साहेब आले. सगळ्या बाकांपाशी फिरले. बाई दाराशी उभ्या होत्या.

"सर, एक मुलगी गैरहजर आहे. सपना. ताप आलाय तिला."

साहेबांनी शाईच्या बाटलीला बूच लावलं.

"चेष्टा करता काय, बाई? वीस बोटं रंगवली मी."

बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं...

एकोणीस.

"ती शेवटच्या बाकावरची, दोन वेण्यांची. सपनाच ना?" साहेब कागद आवरत म्हणाले. "धडा वाचायला सांगितला. काय झकास वाचते हो! आवाज तेवढा बारीक आहे."

शेवटचा बाक रिकामा होता.

  साहेब गेल्यावर पुढच्या बाकावरची मनाली उठली.

"बाई, मागे कोणीच नव्हतं ना? मग साहेब वाकून कोणाला शाई लावत होते?"

वर्ग वाचला. भाऊराव सर खूश. बाईंनी मात्र जुन्या पटावरचा सपनाचा पत्ता लिहून घेतला.

शनिवारी त्या दीडशे पायऱ्या चढल्या. पटावरचा पत्ता खराच होता. कुटुंब कुठल्याही गावी गेलं नव्हतं. सपनाची आई, शकुताई, दारातच तांदूळ निवडत होती.

"मी शाळेतून आले. सपनाची बाई."

शकुताईने सूप बाजूला ठेवलं.

"दोन वर्षं होत आली तिला जाऊन. कावीळ झाली. शेवटपर्यंत दाराकडे बघायची. म्हणायची, बाई येतील. शाळेत गेलं नाही की बाई घरी येतात."

 बाई ढसाढसा रडल्या. माफी मागायलाही तोंड नव्हतं.

"एक सांगू?" शकुताईने आवाज खाली केला. "तिचं दप्तर मी फळीवर ठेवलंय. पण गुरुवारपासून... सकाळी उठले की दाराशी असतं. मी वर ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी."

ती बाईंचा हात धरून म्हणाली, "आता तिचं नाव काढू नका हां."

बाईंनी शब्द दिला.

जूनमध्ये नवा आदेश आला. सहावीला वीस नाही, तीस हवीत. वाट लागली सगळ्याची. मुलं रस्त्यापलीकडे गेली. बाईंनी स्वतःहून तिथे बदली मागितली. सपनाचं नाव नव्या पटावर त्यांनीच लिहिलं. नोकरी जाईल हे माहीत असून.

शकुताईने एवढंच विचारलं, "मोठा रस्ता आहे, बाई. तिला कोण नेणार पलीकडे?"

आता रोज साडेबाराला श्रुतिका बाई सिग्नलपाशी हात आडवा करून उभ्या असतात. मुलं पलीकडे जातात. एकोणीसच्या एकोणीस. एकही मुलगी घरी बसली नाही.

सिग्नल सुटतो. रिक्षावाले हॉर्न वाजवतात, शिव्या घालतात.

बाई हलत नाहीत.

थांबतात...

डाव्या हाताची बोटं कोणीतरी गच्च धरेपर्यंत.

मग त्या रस्ता ओलांडतात. सरळ समोर बघत. त्या हाताकडे बाईंनी अजून एकदाही वळून पाहिलेलं नाही.