चार बोटं मोठा चंद्र

आमच्या गालिच्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला नाव नसतं, मालावरून ओळख असते. जिनेवाले, मोटारवाले, पायपुसणीवाल्या बाई. तो पहिल्यांदा आला आणि ‘मला शुक्र हवाय’ म्हणाला, तेव्हा बाबांनी जागच्या जागी त्याचं बारसं उरकलं – ग्रहवाले!

विज्ञान केंद्रासाठी त्याला एक फिरतं दालन मांडायचं होतं. प्रत्येक ग्रहाची, चंद्राची घट्ट जमीन सोलून पसरली तर केवढी होईल, त्या प्रमाणात एकेक गालिचा. मुलांनी त्यावरून चालायचं. एक कोटी चौरस किलोमीटरला एक चौरस फूट. शुक्र शेहेचाळीस, मंगळ साडेचौदा, बुध साडेसात, आपला चंद्र पावणेचार. पृथ्वी सगळ्यांत मोठी, पण समुद्राचा तळ निळा ठेवून कोरडी जमीन वेगळी काढली, तर ती जेमतेम मंगळाएवढी भरली. मला ते फार गमतीचं वाटलं.

“आणि गुरू?” मी विचारलं.

“गुरूला जमीनच नाही. सगळा वायू.”

“एवढं धूड, आणि पाय टेकायला जागा नाही?”

“नाही ना... तुमच्या धंद्याला त्याचा काही उपयोग नाही.”

हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी तोंडावर ओढणी धरून हसले. तोही मग हसला, जरा उशिरानं.

घोळ मी घातला. आमच्याकडे कापताना चारी बाजूंनी चार बोटं जास्त सोडतात, काठ दुमडायला. हात त्या वळणाचा. पण या गालिच्यांना काठ दुमडायचाच नव्हता, नुसती कडेनं शिलाई मारायची होती, आणि मी सवयीनं सगळ्यांनाच चार बोटं सोडली. शुक्राला ती कळलीसुद्धा नाहीत. चंद्र मात्र दीडपटीहून जास्त फुगला. माल बघायला आला तेव्हा तो गुडघे टेकून मोजत राहिला आणि म्हणाला, चंद्राला तुमच्याकडे खाणंपिणं चांगलं मिळालेलं दिसतंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रागावला असता तर बरं, असं वाटलं.

मग दुपारी तो स्वतः यायला लागला. तो मोजायची कापडी पट्टी धरायचा, मी कापायची. त्याच्या बाहीला लोकरीचे धागे चिकटायचे, मी ते काढायचे... आणि दोघंही खाली बघायचो. बाबा गल्ल्यावरून खाकरायचे.

दालन मांडून झालं की ते घेऊन तो गावोगाव फिरणार होता, कायमचा. हे पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं. तेव्हा मला त्याचं काही नव्हतं. आता एकेक तुकडा संपला की उरले किती, ते मी मोजायची.

ग्रह संपले. मग तो गुरूचे चंद्र घेऊन आला, मग शनीचे. सगळ्यात शेवटी आणलेला चंद्र तर जेमतेम तळहाताएवढा.

“याच्यावर मूल चालणार कसं?” मी विचारलं.

“नाही चालणार.”

“मग यादीत कशाला होता?”

“नव्हता,” तो म्हणाला. “मागचे दोनही नव्हते. काम संपलं असतं, म्हणून आणले.”

कात्री माझ्या हातातच राहिली. तो पुढे काही बोलेल म्हणून मी थांबले. तो पट्टीची घडी घालत बसला, उलगडून पुन्हा घालत बसला. या माणसावर सोडलं तर हा गाडीत बसून निघून जाईल आणि मी आयुष्यभर काठ शिवत राहीन, हे मला लख्ख दिसलं.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हटलं. “मला तुमच्याबरोबर यायचंय. आता तुम्ही बोला.”

त्यानं वर पाहिलं. कान लाल झालेले.

“शनीपर्यंत जाऊन आलो,” तो म्हणाला, “पण एवढं एक वाक्य काही आणता आलं नाही मला... चला. लग्न करून चला.”

मी हो म्हटलं. मग गल्ल्याकडे पाहिलं, तर बाबा पाठ करून उभे होते आणि चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मी उठून त्यांच्याजवळ गेले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “जा गं पोरी... पण सारखी येत जा.”