टेकडीवरची हजेरी

काशीदच्या वरच्या टेकडीवर लढाईच्या दिवसांत इटालियन कैद्यांची छावणी होती. लढाई संपली, कैदी आगबोटीनं आपल्या मुलखाला गेले, आणि मागे राहिल्या पत्र्याच्या लांबलचक बराकी. त्यांच्यावर सरकारनं रावजीला राखणदार नेमला. बायको गेल्यापासून रावजीनं गावात उतरणं हळूहळू बंदच केलं. त्रेपन्न सालच्या दिवाळीलाही तो आला नाही, तेव्हा त्याची धाकटी बहीण केसर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण घेऊन दुपारी टेकडी चढली.

वर सुरूच्या झाडांतून वारा नुसता सुस्कारत होता. रावजी तिला बघून हसला, पण पाणी विचारायचं त्याला सुचलं नाही. भाकर त्यानं निमूट खाल्ली. केसरनं गावाकडचं सगळं सांगून पाहिलं. गाय व्याली, भिकूच्या पोरीचं लग्न ठरलं. तो हं हं करत राहिला, नजर मैदानाकडे. घरी चल म्हटल्यावर म्हणाला, आता कसं येऊ, उन्हं उतरली की हजेरी असते.

कुणाची, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

सूर्य समुद्रावर टेकला. वारा पडला. बंद बराकींतून ओल्या कांबळ्यांचा वास आला, आणि मग रिकाम्या मैदानावर बूट वाजू लागले... एकामागून एक, रांग धरावी तसे. दिसत काहीच नव्हतं. फक्त गवत जागोजागी दबत होतं. एक दमलेला आवाज परकी नावं घेऊ लागला. प्रत्येक नावानंतर तो जरासा थांबे, आणि कुठूनतरी हलकीशी ओ येई.

मग तो आवाज म्हणाला, "रावजी..."

रावजी उठला. ओ द्यायला त्यानं तोंड उघडलं, तोच केसरनं दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. मैदान वाट बघत राहिलं. पुन्हा हाक आली, आता जवळून, अगदी मायेनं. केसरनं भावाला ओढत छावणीबाहेर काढलं आणि पुढं घालून टेकडी उतरवली.

वाटेत तो पोरासारखा रडला. "केसर, तिथं मला रोज कोन तरी हाक मारतं... गावात कोन मारतं, सांग ना."

केसरनं त्याचा हात घट्ट धरला. "मी मारीन, दादा. रोज मारीन."

सकाळी चुलीपुढं शेकत बसलेल्या रावजीला तिनं हाक मारली. त्यानं ओ दिली. तिचा जीव भांड्यात पडला. चहा घेऊन ती त्याच्या मागून आली आणि जागीच थबकली. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर काळ्या कापडाचा गोल तुकडा शिवलेला होता. कैद्यांच्या कपड्यांना असे तसा, पळाले तरी ओळखू यावेत म्हणून. काल टेकडी उतरताना ही पाठ सारा वेळ तिच्यासमोर होती, आणि ती कोरी होती.

तिनं तुकड्याची कड उचलून पाहिली. खालचं मूळ कापड गोल कापून घेतलेलं होतं. टाके बारीक, सुबक, सावकाश घातलेले. असं शिवायला माणसाला अर्धी रात्र तरी हवी.

आणि रात्रभर केसर त्याच्या उशाशी जागी बसली होती.