दर्भाचा कावळा

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. आईची शपथ. आता, आईची शपथ मी गेल्याच आठवड्यात खाल्ली आणि चांगली जाड थाप मारली, तेव्हा शपथ बाजूला ठेवा. बहुतेक खरी आहे म्हणा. एका ठिकाणी पदरचं घातलंय. कुठे, ते शेवटी सांगतो.

दोन हजार सहाची दिवाळी होऊन गेलेली. जुन्या जालन्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. परतूरहून फोन आला. "रामराव बोलून राह्यलो. पोराचं मशीन चालू होत न्हाई. येता का जरा?" दुपारची गाडी धरून गेलो. काम साधं वाटलं.

घर कापसाच्या बाजारामागं. पुढच्या खोलीत पोरगा लग्नपत्रिका छापायचा. संपत त्याचं नाव. महिन्यापूर्वी मोटारसायकलवर वाटूरकडे गेला, तो चालत परत आला नाही. खोलीत सरकीचा तेलकट वास, त्यावर उदबत्तीचा. कॉम्प्युटरवर पांढरा टॉवेल पांघरलेला, चारही कडा आत खोचलेल्या. निजलेल्या माणसाला पांघरावं तसा.

"त्याच्यात त्याचा आवाज हाये," त्याची आई तुळजाबाई म्हणाली. "नवा माइक आणल्ता, तव्हा भरला. फोटू लई हायेत हो. आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई."

मी म्हटलं, काळजी नको. विंडोज बिघडलीये, नवी टाकू. डिस्क म्हणजे एका छपराखालच्या दोन खोल्या. पुढची धुऊन काढायची, मागच्या खोलीला हात लावायचा नाही. आवाज मागच्या खोलीत आहे.

सीडी घातली. निळा पडदा आला, खाली पांढरी अक्षरं सरकली, आणि मशीन म्हणालं, डिस्कच नाही.

कॅबिनेट उघडलं. वायर बदलली, दुसऱ्या खोबणीत लावली, पिना खोडरबरानं घासल्या. नव्या पद्धतीच्या डिस्का जुन्या सीडीला ओळखू येत नाहीत, म्हणून फ्लॉपीतून ड्रायव्हर दिला. न्हाई म्हणजे न्हाई. गंमत अशी, की डिस्क आत फिरत होती. कान लावला की ऐकू यायची. मधेच बारीक कट्... आणि गप्प. कुणीतरी बोलायला घसा साफ करावा आणि बोलूच नये, तसं.

"जालन्याहून आले अन् डबाच खोलून बसले," रामराव म्हणाले. "आमच्या इथला रिपेरीवाला पोरगा निदान चहा पिऊन तरी गेल्ता."

मी हसलो. तुळजाबाई हसली नाही. ती पडद्याकडं बघत होती.

"दहाव्याला बी असंच झालं," ती हळूच म्हणाली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आपल्याकडं अशा वेळी घरचे हात जोडून गेलेल्याला वचनं देतात. तुझं राहिलेलं अमुक करू, तमुक करू. त्याला पटलं की कावळा शिवतो. यांनी एक-दोन वचनं दिली, कावळा झाडावरच. ऊन चढलं, पाहुण्यांना गाडी गाठायची होती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे उठले.

"घाई केली आपुन," तुळजाबाई म्हणाली. "त्याचं मन न्हाई ऐकलं."

आणि तिनं पडद्यापुढं हात जोडले.

मी थांबवायला हवं होतं. पण माझ्यासारख्या थापाड्याला दुसऱ्याची श्रद्धा मोडवत नाही. रामराव उठून तिच्याशेजारी उभे राहिले, टोपी काढली. "संपत... तुझ्या आईला अंतर देनार न्हाई." माझ्याकडं बघून म्हणाले, "बघा बरं आता."

मी मशीन पुन्हा सुरू केलं. डिस्क नाही.

"दुकान बंद करनार न्हाई. तुझ्या नावाची पाटी हाये तशी ठिवतो."

नाही.

उजेड पिवळा पडत चालला होता. व्होल्टेज उतरलं, ट्यूब फडफडून विझली. आतल्या दारात नंदा उभी होती, संपतची बायको. अजून गळ्यात पोत असल्यासारखा हात गळ्याशी जायचा आणि रिकामाच खाली यायचा. तिच्या पायाशी भरलेली पिशवी. बाप अंबडहून न्यायला आला होता आणि हात हलवत परत गेला होता. "धाडनार न्हाई म्हणलं मी," तुळजाबाईनं मला आल्या आल्या सांगितलं होतं. "संपतचं म्हणून घरात हीच तर राह्यली."

आता रामराव बायकोला म्हणाले, "बोल की."

"काय बोलू?"

"तुला ठाव हाये काय."

"तुमी बोला."

"आई तू हायेस त्याची..."

नंदानं मान वर केली नाही. पुन्हा तेच... कट्...

"जाऊ दे मंग," तुळजाबाई म्हणाली. आवाज फाटला होता. "नंदाला अडवनार न्हाई रे. तिचं दुसरं लगीन आमीच लावून देऊ. पोरीवानी देऊ."

पडद्यावर डिस्क आली. दोन भाग, एकाखाली एक.

घाबरू नका. त्यांची वचनं चालू असताना मी मशीनच्या मुळातली एक सेटिंग बदलली होती. नव्या डिस्कला जुन्या पद्धतीनं ओळख, असं सांगणारी. मग सीडीला ती दिसते. कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

विंडोज बसली. मागचा भाग जसाच्या तसा होता. आवाजाची फाईल लावली. आधी नुसती खरखर. मग तरुण, हसरा आवाज.

"हॅलो... हॅलो. आई, आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला रे राजा," तुळजाबाई म्हणाली.

जरा थांबून स्पीकर म्हणाला, "बरं. मंग जातो."

तिनं पदर तोंडाशी धरला. पुन्हा लावायला सांगितलं. मी लावली. या खेपेला फाईल त्याच्या प्रश्नापाशीच संपली. आणखी कितीदा लावली, पुढचं वाक्य पुन्हा आलं नाही.

नंदा त्याच आठवड्यात अंबडला गेली. वैशाखात तिचं लग्न लागलं. कन्यादान रामरावांनी केलं, आणि पाठवणीला तिच्या सख्ख्या आईपेक्षा तुळजाबाई जास्त रडली. मी पंगतीत होतो.

आता पदरचं काय, ते सांगतो. लोकांना वाटतं स्पीकरचं ते वाक्य मी रचलं. नाही. मी रचली ती सेटिंग. त्या बोर्डात तसली सेटिंगच नव्हती. पण रोज सकाळी शटर वर करून दुसऱ्यांच्या डिस्का हातात घ्यायच्या, तर काहीतरी कारण जवळ असावं लागतं.

ती "जाऊ दे मंग" म्हणाली तेव्हा डिस्क मशीनमध्ये नव्हतीच. पिना पुन्हा एकदा घासायला मी ती नुकतीच बाहेर काढली होती. माझ्या मांडीवर होती, एकही वायर नाही... आणि मांडीवर ती फिरत होती, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी गरम.